पितळी ड्रमचा पोचा आणि मोडीचा भाव

रमजानचा चांद दिसला की नांदेड-लातूरकडच्या अनेक मुस्लिम बँडवाल्यांच्या घरी वाद्ये भिंतीला टेकतात. मुस्लिम घरांत या महिन्यात लग्ने नसतात. हिंदू घरांत मुहूर्त असले तर वरात निघतेच, आणि मग रोजा धरून ट्रम्पेट फुंकायचा की महिनाभर सुपारी घ्यायचीच नाही, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा असतो. कोणी सांगते, रोजगार बंद ठेवून चूल कशी पेटणार. कोणी एक महिना हमाली करतो, पण वाद्याला हात लावत नाही. दोन्ही प्रकारची माणसे एकाच बँडपार्टीत असतात आणि एकमेकांना समजून घेतात.

वाद्ये विसावली की त्यांच्याकडे नीट बघायला वेळ मिळतो. वर्षभर टेम्पोच्या टपावर बांधलेला, पावसात भिजलेला, वरातीच्या गर्दीत कोणाच्या तरी मोटारसायकलवर आदळलेला साइड ड्रम अंगणात येतो. वरचे कातडे काढले की आतला धातू दिसतो, आणि त्यावरचे पोचे. मग घरात बोलणे सुरू होते. ईद तोंडावर आहे. मुलांचे कपडे, शिरखुर्म्याचे सामान, फित्रा. भंगारवाला रोज गल्लीतून जातो आणि पितळेला भाव आहे. नवा ड्रम हलक्या पत्र्याचा मिळतो, चकचकीत असतो, उचलायलाही सोपा. हा जुना मोडीत घातला तर?

या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. 14 इंच व्यासाच्या आणि 12 इंच उंचीच्या ड्रमचे भांडे एक मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याचे असले, तर त्या पत्र्याचे वजन जेमतेम तीन किलो भरते. शाळेच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या पाच इंच उंचीच्या ड्रमचे सव्वा किलोच्या आसपास. तराजू एवढेच मोजतो. ज्या भांड्याने दोन पिढ्यांच्या वराती वाजवल्या, त्याचे पैसे ईदच्या आठवड्यात संपतात आणि शव्वालमध्ये लग्ने सुरू झाली की ड्रम भाड्याने आणावा लागतो. पोचा काढून घेणे जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. अट एकच, तो ज्याला काढता येतो त्यानेच काढला पाहिजे. ज्याला येत नाही त्याने हात लावला, तर भांडे खरोखरच मोडीत जाते.

साइड ड्रम म्हणजे काय, हे वरातीत नाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, फक्त नाव माहीत नसते. कमरेच्या एका बाजूला, तिरका लटकवलेला, दोन बारीक काठ्यांनी वाजणारा, ज्याचा आवाज कोरडा आणि कडकडणारा असतो, तो. बाजूला लटकतो म्हणून साइड ड्रम. ऑर्केस्ट्रातले वादक त्यालाच स्नेअर म्हणतात. त्याला दोन तोंडे. वरच्या तोंडावर काठ्या पडतात. खालच्या तोंडाला बारीक तारांचा पट्टा घट्ट टेकवलेला असतो. वर काठी पडली की आतली हवा खालचे पातळ कातडे हलवते, कातडे तारांवर आपटते, आणि तो कडकडाट उठतो. पट्टा सैल करा, तोच ड्रम साध्या ढोलकासारखा घुमू लागतो. दोन तोंडांच्या मध्ये जे गोल नळकांडे असते, त्याला इथे सोयीसाठी भांडे म्हणू. पूर्वी चामडे असायचे, आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचे पान असते. बोलताना सगळे त्यालाही कातडेच म्हणतात.

हे वाद्य लष्कराकडून लग्नात आले. इंग्रजी पलटणींच्या बँडमध्ये पितळी भांड्याचे ड्रम असत आणि त्यांवर पलटणीचे चिन्ह रंगवलेले असे. पलटणीतून निवृत्त झालेल्या वादकांनी आणि त्यांचे ऐकून शिकलेल्यांनी तो बाज गावोगावी नेला. वाद्ये बनवण्याचे मोठे ठाणे उत्तर प्रदेशात मेरठला, जाली कोठी या भागात वसले. तिथल्या नादिर अली आणि कंपनीची स्थापना 1885 ची. बिगुल, ट्रम्पेट, ड्रम, सगळे तिथे होते आणि आजही देशभरच्या बँडवाल्यांच्या तोंडी मेरठचे नाव असते. या सगळ्या दुनियेवर ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने ‘ब्रास बाजा’ नावाचे इंग्रजी पुस्तक लिहिले, ते 2005 साली ऑक्सफर्डने काढले. वरातीपुढे चालणाऱ्या माणसांवर एवढे मोठे पुस्तक होऊ शकते, याचे आपल्याकडे अजून नवल वाटते.

आता पोच्याकडे येऊ. पोचे दोन जातींचे. एक भांड्याच्या पोटावरचा, दुसरा काठावरचा. डोळ्याला सलतो तो पोटावरचा, कारण प्रकाश तिथेच वाकडा चमकतो. आवाजाला मात्र त्याचे फारसे सोयरसुतक नसते. आवाज मुख्यतः कातड्याचा असतो. पोटाला एखादा खळगा पडला म्हणून कातड्याला काही कळत नाही. अशा ड्रमवर वर्षानुवर्षे वराती निघतात.

काठाचे वेगळे आहे. धातूच्या भांड्याचा काठ आतल्या बाजूला वळवलेला असतो आणि त्या अरुंद वळणावर कातडे बसते. सगळा ताण तिथे येतो. काठ एका जागी दोन मिलिमीटरने दबला, तर तिथे कातडे टेकत नाही. मग त्या जागचा बोल्ट माणूस जास्त आवळतो, समोरचा बोल्ट सैल पडल्यासारखा वाटतो म्हणून तोही आवळतो, वरचे कडे वाकडे होते, पान सुरकुतते, आणि ड्रम ‘बसला’ असे म्हणून कोपऱ्यात जातो. पान बदलले जाते, तारा बदलल्या जातात, दोष काठातच राहतो.

तो शोधायला यंत्र लागत नाही. शहाबादी फरशीचा नीट पॉलिश केलेला तुकडा किंवा जाड काच घ्यावी. भांडे पूर्ण मोकळे करून तोंड खाली करून तिच्यावर ठेवावे. खोलीत अंधार करावा आणि भांड्याच्या आत मोबाइलची बॅटरी पेटवून ठेवावी. वरून कापड टाकावे. काठ जिथे फरशीला टेकला आहे तिथे अंधार राहतो, जिथे दबला आहे तिथून उजेडाची रेघ बाहेर येते. आधी फरशीच सपाट आहे ना, हे लोखंडी पट्टीने बघून घ्यावे, नाहीतर दोष फरशीचा आणि हातोडी ड्रमवर. भांडे थोडे फिरवून पुन्हा बघितले की कळते: रेघ भांड्याबरोबर फिरली तर दोष भांड्यात, जागेवरच राहिली तर फरशीत.

इथेच सर्वांत मोठी चूक होते, आणि ती चांगल्या हाताचा माणूसही करतो. भांडे उलटे करून खालचा काठ तपासला की दोन ठिकाणांहून, अगदी समोरासमोर, उजेड येतो. लांबट, उथळ, सावकाश उतरत जाणारी आणि तशीच सावकाश वर येणारी अशी ती फट असते. ती बघून कारागीर म्हणतो, काठ दोन्ही बाजूंनी बसलाय, आणि ऐरणीवर ठेवून तो सरळ करून टाकतो. पण तो पोचा नसतोच. तारांचा पट्टा खालच्या कातड्यावर आडवा जातो. त्याची दोन टोके काठावरून वर वळून बांधली जातात. काठ तिथे सपाट असता तर पट्टा टोकांना उचलला गेला असता आणि मध्ये कातड्याला टेकलाच नसता. म्हणून ड्रम बनवणाऱ्याने त्या दोन जागी मुद्दाम उतरण दिलेली असते. ती सरळ केली की ड्रम दिसायला निर्दोष होतो आणि कडकडाट कायमचा जातो. तारा नुसत्या गुणगुणत राहतात. पुन्हा ती उतरण पहिल्यासारखी देणे फार थोड्यांना जमते. पडून झालेला पोचा अचानक सुरू होतो, त्याला कोन असतो, बहुधा एकटा असतो. मुद्दाम दिलेली उतरण जोडीने असते, आणि पट्ट्याची खिटी जिथे लावतात त्याच रेषेत असते. हातोडी उचलण्याआधी एवढे बघितले तर पुष्कळ ड्रम वाचतील.

दुसरा प्रश्न, भांडे कशाचे आहे? वरून सगळेच पांढरे चकचकीत दिसते, कारण पितळेवरही निकेल किंवा क्रोमचा मुलामा असतो. कित्येक घरांत आणि शाळांत पितळी ड्रमला वर्षानुवर्षे स्टीलचा समजतात. लोहचुंबक लावून बघावे. जोरात चिकटला तर साधा पोलादी पत्रा. नाही चिकटला आणि भांडे हातात जड लागले, तर बोल्टच्या भोकाच्या आतल्या कडेला बघावे, तिथे मुलामा नीट पोचलेला नसतो. पिवळी कड दिसली की पितळ. चिकटत नाही आणि उचलायला मात्र हलके, तर अॅल्युमिनियम. अमेरिकेतल्या लुडविग कंपनीचे 1920 च्या दशकातले काळ्या मुलाम्याचे, कोरीव नक्षीचे पितळी ड्रम आज संग्राहक जिवापाड जपतात. त्याच कंपनीने 1960 च्या दशकात अॅल्युमिनियमवर क्रोम चढवलेले जे ड्रम काढले, त्यांचा आवाज जगभर गाजला, मात्र मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो ही त्यांची जुनी तक्रार आहे. मराठवाड्यातल्या माळ्यावर असे काही सापडेल अशी आशा कोणी धरू नये. पण धातू ओळखण्याची रीत जगभर एकच.

धातूचा स्वभाव ओळखला की अर्धे काम होते. पोलादी पत्रा अंगाचा ताठ, दाबला तरी परत उसळतो, आणि मुलामा फुटला की गंज धरतो. अॅल्युमिनियम मऊ, पण हट्टाने ठोकला की चिरतो. त्याला भट्टीत घालणे तर जोखमीचेच, कारण ते 660 अंशांना वितळते आणि वितळण्याआधी तांब्या-पितळेसारखे लाल होऊन इशारा देत नाही. पितळ समजूतदार. त्याला हळूहळू वळवले तर ते ऐकते. मात्र तेही प्रत्येक ठोक्यागणिक कडक होत जाते. पोचा पडताना तिथला पत्रा एकदा ताणला गेलेला असतोच, वर पन्नास ठोके पडले की तो ठिसूळ होतो आणि केसासारखी चीर जाते. ती चीर दिसत नाही. एखाद्या दिवशी बोल्ट आवळताना भोकापर्यंत धावते.

तांबट लोक यावर उपाय म्हणून पत्रा तापवतात. पितळ मंद लाल होईपर्यंत तापवून निवू दिले की ते पुन्हा मऊ होते. हंडे-घागरी घडवताना हे अनेकदा करावे लागते, आणि शेवटी सगळ्या अंगावर सारखे ठोके देऊन पत्रा पुन्हा कडक करतात. पुण्याच्या तांबट आळीत त्याला मठारकाम म्हणतात. भांड्यावर दिसणाऱ्या त्या चमकत्या टिकल्या शोभेसाठी असतात असे गिऱ्हाइकाला वाटते, पण त्या टिकल्यांनीच भांड्याला बळ येते. हीच युक्ती ड्रमला लावायला गेले की गोत्यात यायला होते. मुलामा भाजून निळा-काळा पडतो. भांड्याचा उभा सांधा डाख देऊन जोडलेला असेल, तर कथील-शिशाचा डाख 190 अंशांच्या आसपासच पाणी होतो आणि सांधा उघडतो. आणि एकाच जागी मऊ केलेला पत्रा पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा दबतो. म्हणून जाणता माणूस ड्रमचा पोचा शक्यतो थंडच काढतो. आग ही शेवटची गोष्ट, तीही बिनमुलाम्याच्या, अखंड भांड्याला. रोजा असलेल्या कारागिराला हे सोयीचेच, भट्टीजवळ बसून घसा कोरडा करायची गरज पडत नाही. पण वेळ लागतो.

वेळ कुठे लागतो, ते असे. आधी ड्रम पूर्ण सोडवायचा: दोन्ही कडी, दोन्ही कातडी, तारांचा पट्टा, त्याची खिटी, बोल्ट धरणारी घरटी. कोणते घरटे कोणत्या भोकाचे, हे आतून पेन्सिलीने लिहून ठेवायचे, कारण जुन्या हातकामाच्या ड्रमची भोके एकसारखी नसतात. हवा जायला ठेवलेल्या भोकावर कंपनीचा बिल्ला बसवलेला असेल तर त्याला धक्का लावायचा नाही. मग भांड्याच्या आत हात घालायचा. तबल्याच्या डग्ग्यापेक्षा इथे सोपे आहे. डग्ग्याला तोंड एकच, तळ बंद, वाकडी सळई आत घालून अंदाजाने काम करावे लागते. ड्रम दोन्हीकडून उघडा, डोळ्याने बघत काम करता येते.

पोटावरच्या पोच्यासाठी बाहेरून वाळूची पिशवी किंवा भांड्याच्या गोलाईप्रमाणे कोरलेला लाकडी ठोकळा धरतात. आतून गुळगुळीत, गोल तोंडाचे लाकूड किंवा घासून चकचकीत केलेला लोखंडी नळ. आणि आधी ठोकायचे नाही, घासायचे. अंगाचा भार देऊन नळ पोच्यावरून मागे-पुढे फिरवायचा, पुन्हा पुन्हा. पोच्याच्या मध्यभागी जोर देण्याचा मोह होतो, तो आवरायचा. पोचा पडतो तेव्हा मधला पत्रा आत जातो आणि सभोवती एक उंचवट्याची कड उठते. ती कड शेवटी तयार होते, म्हणून ती आधी बसवायची. कडेने फिरत फिरत आत यायचे. कड बसली की मधला भाग पुष्कळदा आपणहून वर येतो.

जो घाई करून लोखंडी हातोडी आणि ऐरण यांच्यामध्ये पत्रा धरतो, त्याला भाकरीची गोष्ट सांगावी लागते. पीठ थापले की पसरते. पत्राही दोन लोखंडांमध्ये सापडला की पातळ होऊन पसरतो. पण चारही बाजूंनी भांडे बांधलेले, पसरायला जागा कुठे आहे? मग तो वाढलेला पत्रा फुगवटा धरतो. अंगठ्याने दाबला की टुक् करून आत, सोडला की टुक् करून बाहेर, बिस्किटाच्या डब्याच्या झाकणासारखा. ही अवस्था मूळ पोच्यापेक्षा वाईट. पोचा निदान गप्प असतो, हा फुगवटा प्रत्येक काठीला टणटणतो. लाकडाची, शिंगाची किंवा नायलॉनची हातोडी वापरली आणि पाठीला मऊ आधार ठेवला तर पत्रा नुसता वळतो, पसरत नाही.

भांड्याच्या कमरेला पुष्कळदा एक उभट कंगोरा असतो. तो बळकटीसाठी. पोचा त्या कंगोऱ्यावर पडला असेल तर काम कठीण, कारण तिथे पत्रा दोनदा वळलेला असतो. कंगोऱ्याच्या मापाची लाकडी पट्टी आतल्या खाचेत बसवून, एका वेळी बोटभर जागा घेत पुढे जावे लागते. पूर्ण निघत नाही. थोडी खूण राहते.

काठाचा पोचा मात्र पूर्ण काढायलाच हवा. काठाच्या वळणाखाली बसेल असा कठीण लाकडाचा ठोकळा, आणि वरून हलके, पुष्कळ, छोटे ठोके. दर दहा-वीस ठोक्यांनंतर पुन्हा फरशी, पुन्हा अंधार, पुन्हा बॅटरी. उजेडाची रेघ बारीक होत जाते. ती केसाएवढी राहिली की थांबायचे. पूर्ण नाहीशी करायच्या नादात काठ वर उचलला गेला, तर शेजारी दोन्हीकडे नव्या रेघा उघडतात, आणि मग कानस घेऊन काठच घासून काढणारे महाभाग भेटतात. धातूच्या भांड्याचा काठ पातळ पत्र्याचा. घासला की संपला.

शेवटी गोलाई. खूप वर्षे एका कुशीवर पडून राहिलेला किंवा वर पेट्या रचलेला ड्रम अंडाकृती होतो. पातळ लाकडी पट्टी आतल्या व्यासाच्या मापाने कापून ती चार दिशांनी फिरवली की कुठे अडते, कुठे सैल पडते ते कळते. एक-दोन मिलिमीटरचा फरक कातडे सांभाळून घेते. जास्त असेल तर लांब बाजू दोन गादी लावलेल्या फळ्यांमध्ये धरून सावकाश दाबायची. पत्रा परत उसळणार, म्हणून हवे त्यापेक्षा थोडे जास्त दाबायचे, सोडायचे, मोजायचे. हे एका बैठकीत होत नाही. दाबून ठेवून माणूस असरच्या नमाजला जाऊन आला तरी चालते.

हे काम करणार कोण? ड्रमचे पोचे काढणारा, अशी पाटी नांदेडला नाही, लातूरलाही नसेल. हे हुनर चार हातांत वाटलेले आहे. तांबट-कासारांना पितळ कळते, पण ड्रमचा काठ कळत नाही. कल्हईवाल्याला डाख आणि ताप कळतो. गॅरेजमधल्या डेंटरला पत्र्याचा ताण कळतो, कड आधी बसवायची हे त्याला सांगावे लागत नाही. मात्र त्याचा हात पुट्टीकडे लवकर जातो. गाडीला पुट्टी चालते, वर रंग बसतो. ड्रमला लावलेली पुट्टी पहिल्या मोसमात थरथरून गळून पडते. आणि चौथा बँडमधला जुना वादक. त्याला आवाज कळतो, उतरण कुठे असते ते ठाऊक असते, पण हातोडी चालवता येत नाही. ड्रम नीट होतो तो यांतले दोघे एकाच ओट्यावर बसले तर. नुसता ड्रम दुकानात टाकून ‘संध्याकाळी येतो’ म्हणणाऱ्याचा ड्रम चकाकतो, वाजत नाही.

कुठला मोसम फुरसतीचा, यालाही चंद्राचे गणित आहे. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात हिंदू घरांतली लग्ने थांबतात, तेव्हा गणपतीपर्यंत बँड मोकळा. रमजान मात्र फिरता. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून तो दरवर्षी मागे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2013 साली तो जुलैत आला होता, म्हणजे आषाढाची विश्रांती आणि रमजानची विश्रांती एकमेकींवर आल्या होत्या. मागच्या काही वर्षांत तो उन्हाळ्याच्या लग्नसराईतून गेला आणि आता माघ-फाल्गुनाकडे सरकला आहे. ज्या पार्टीत मुस्लिम, मातंग, बौद्ध असे सगळे वादक आहेत, तिथे कोणाची सुट्टी कधी हे पाठ असते. रोजा असलेल्याचा साइड ड्रम महिनाभर दुसरा गळ्यात घालतो. शव्वालमध्ये परत देतो, आणि एखादा नवा पोचा त्यात असतोच.

तोच ड्रम वर्षभर कुठे कुठे जातो! गणपतीच्या मिरवणुकीत, कंधारच्या हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्याच्या उरुसात, सिद्धेश्वराच्या यात्रेत, माळेगावच्या खंडोबाकडे. नांदेडला सचखंड हजूर साहिबच्या मिरवणुकीत नगारा वाजतो, तोही धातूच्याच भांड्याचा, फक्त एका तोंडाचा. मुहर्रमचा आणि गणपतीचा ताशा एकच. त्याचे भांडे पूर्वी तांब्याचे असे, कातडे सैलावले की कागद पेटवून शेकून घेत. आता पत्रा आणि प्लॅस्टिक. तांब्याचे जुने ताशे कुठे गेले, हे विचारायला भंगाराच्या वखारीतच जावे लागेल. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात म्हणतात, आणि लग्नाच्या दिवसांत त्यांतल्या निदान दोन-तीन रस्त्यांनी तरी एकाच वेळी वेगवेगळे बँड येतात. त्या गदारोळात कोणत्या ड्रमचा काठ दबलेला आहे, ते वाजवणाऱ्याखेरीज कोणाला कळत नसेल. पण त्याला प्रत्येक ठोक्याला कळते. काठी त्या जागी मेल्यासारखी पडते, परत उसळत नाही, मनगट दुखते, आणि दोन तासांच्या वरातीत हाताला गोळे येतात. पोच्याची किंमत तो आपल्या मनगटाने देत असतो.

शाळांचे राहिले. जिल्हा परिषदेच्या असोत की संस्थांच्या, जुन्या शाळांच्या खेळसाहित्याच्या खोलीत एखादा तरी साइड ड्रम असतो. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, 17 सप्टेंबरला, तो झेंडावंदनासाठी बाहेर निघतो. कवायतीच्या आदल्या दिवशी शिपाई तो तांबे-पितळ घासायच्या पावडरीने घासतो. त्याने काय होते? मुलामा आणि रंगवलेले चिन्ह निघून जाते आणि पोचा अधिकच उठून दिसतो. मग साठा नोंदवहीत ‘निरुपयोगी’ असा शेरा पडतो आणि लिलावात तो लोखंडी बाकांच्या ढिगाबरोबर, लोखंडाच्या भावाने जातो. चुंबक लावून बघायचे कष्टही कोणी घेत नाही. ज्या मुख्याध्यापकांच्या खोलीत असा ड्रम असेल त्यांनी शेरा मारण्याआधी फरशी आणि बॅटरी एवढे तरी करून पाहावे.

पोचे निघाले, काठ अंधारात तपासला, आता जोडणी. आतले कोपरे कोरड्या फडक्याने पुसायचे. घरटी आपापल्या भोकांत. खालचे पातळ कातडे आधी. बोल्ट सगळे बोटांनीच फिरवून टेकवायचे, चावी नंतर. चावीने एक बोल्ट आवळला की शेजारचा नाही, समोरचा. मग त्याच्या काटकोनातली जोडी. अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने. प्रत्येक बोल्टजवळ बोटभर आत काठी टिचकवून ऐकायचे. सगळीकडे एकच सूर आला की काठ खरोखर बसला. मग वरचे कातडे. तारांचा पट्टा सर्वांत शेवटी, आणि खिटी अलगद, तारा नुसत्या टेकतील एवढीच.

तरावीहनंतर गल्लीत असे ठोके ऐकू आले तर शेजारी दार उघडून बघतात, इतक्या रात्री बँड कसला म्हणून. ओट्यावर दोन माणसे, मध्ये ड्रम, बाजूला चहा. कंगोऱ्याजवळची खूण निघालेली नसते, बोट फिरवले की लागते. पट्ट्याची कडी सोडवून दोन बोल्ट पलीकडे लावतात. आता ड्रम गळ्यात घातला की ती बाजू वाजवणाऱ्याच्या मांडीकडे येते.